पोळ्याआधी बैलाचे शिंग पाहा

श्रावणात वसमतकडून कुरुंद्याला जाल तर शिवारात हळद हिरवीगार उभी दिसेल. गोठ्यातल्या बैलांची शिंगे मात्र उन्हापावसाने पांढुरकी, खरबरीत झालेली असतात. पोळा तोंडावर आला, की ती साळून ऑइलपेंट देण्याची घाई होते. जरा थांबा.

सांबराचे शिंग गळते आणि पुन्हा उगवते. बैलाचे तसे नाही. वर नखासारखे कवच, आत जिवंत हाड. हे लेणे जन्मात एकदाच मिळते. दरसाल साळल्याने कवच पातळ होते, जखम झाली तर माशी बसते. वरचेवर साळणे हे शिंगाच्या कर्करोगाचेही एक कारण मानले जाते.

शिंगाचा रंग उडालेला नसतो, वरचा थर सुकलेला असतो. कोमट पाण्याने काथ्याने हलके घासा, कोरडे करा, थोडे करडईचे तेल चोळा. आठ दिवसांनी पुन्हा चोळा. मूळची काळी झाक वर येईल. हौसेला गेरू आणि बेगड आहेच.

शिंग मुळाशी मऊ लागले, कलले किंवा एका नाकपुडीतून रक्त आले, तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. वर्षभर राबणाऱ्याचा एवढा मान राखाच.