स्वतःचं स्वतः करता येतं का?

माझी आत्या पुण्यातल्या पेठांमध्ये घरोघरी पोळ्या करायची. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, स्वतःचं घर नाही. हक्काचं उत्पन्न म्हणजे श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर ती वॉकरवर आली. कामं सुटली, पाठोपाठ भाड्याची खोलीही. चिंचवडला आमच्या वन-रूम-किचनमध्ये आम्ही तिला आणलं. पण मी आणि नवरा दोघंही सकाळी आठला घर सोडतो. दिवसा तिला बाथरूमपर्यंत धरून नेणार कोण? चोवीस तासांची बाई ठेवायची तर माझा पगार तिथेच संपला असता.

म्हणून वृद्धाश्रम शोधायला लागलो. जिथे अशी धरून न्यावी लागणारी माणसं सांभाळतात, तिथे महिन्याला 25 हजारांच्या पुढे सांगत. वर अनामत, आणि डायपर-औषधं वेगळी. स्वस्तातल्या, धर्मादाय आश्रमांत पैशांचा प्रश्न नंतर यायचा. फोनवर पहिलं हेच विचारत, “आजी हिंडत्या-फिरत्या आहेत ना? स्वतःचं स्वतः करतात ना?”

एका आश्रमात आत्याला व्हरांड्यात चालून दाखवायला सांगितलं. तिने पदर खोचला आणि वॉकर पुढे टाकत टाकत खांबापर्यंत गेली. वळताना तोल गेला, मी धावले. व्यवस्थापक माणूस चांगला होता. म्हणाला, “ताई, रात्री सगळ्यांना मिळून आमच्याकडे एकच मावशी असते. यांना धरून न्यायला गेली तर बाकीच्यांकडे कोण बघणार?” त्याचं चूक नव्हतं. पण ज्याला खरी मदत हवी त्यालाच जागा नाही, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

मग कायदा वाचला. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो. मूल नसेल तर ज्याला त्या माणसाची मालमत्ता मिळणार, त्या नातेवाइकाकडून. आत्याकडे मालमत्ताच नाही, म्हणजे कायद्याने तिला बांधील कुणीच नाही. त्याच कायद्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान 150 जणांचा वृद्धाश्रम, असं म्हटलंय. पण सरकार तो ‘स्थापन करू शकेल’, एवढंच.

ज्येष्ठांच्या 14567 या हेल्पलाइनवरून काही पत्ते मिळाले. त्यातून एका निवृत्त नर्सबाईंचं छोटं घर सापडलं, तालुक्याच्या गावी. महिना 6,000. आत्याचे 1,500, उरलेले आम्ही तिघं भावंडं देतो. डायपर आणि दवाखाना आमच्याकडे. बाईंची अट एकच होती, दर महिन्याचे पैसे थांबता कामा नयेत. आणि नेमकं तेव्हाच आत्याचं अनुदान अडकलं. बँक खातं आधारला जोडायचं, तर तिच्या बोटांचे ठसेच उमटेनात. जन्मभर कणीक मळून, तव्याचे चटके सोसून बोटांवरच्या रेषा पुसल्या होत्या. मशीनवरचा मुलगा तिची बोटं ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पुन्हा दाबत होता, ती म्हणत होती, “अजून जोरात दाबू का रे?” शेवटी डोळ्यांचं स्कॅनिंग करून काम झालं.

नर्सबाईंना मी एक प्रश्न मुद्दाम विचारला होता, ही पूर्ण अंथरुणाला खिळली तर काय? “तेव्हाही ठेवेन,” म्हणाल्या, आणि तसं लिहून दिलं. जागा शोधणाऱ्या प्रत्येकाने हे आधी विचारावं आणि कागदावर घ्यावं. चालत गेलेलं माणूस पडून राहायला लागलं की ‘घेऊन जा’ म्हणून फोन आलेली दोन घरं माझ्या माहितीतली आहेत.

आता मी समाजकल्याण कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. आपल्या जिल्ह्यात अनुदानित वृद्धाश्रम किती, आणि त्यांत उठू न शकणाऱ्यांसाठी खाटा किती, एवढंच त्यात विचारलंय. उत्तर यायचंय.