परसातले सातभाई

माळव्याची थंडी बोचरी खरी. पौषात पाला पडला की देपालपूरच्या शिवारात हरभरा व बटाटा करपतो आणि शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. परसातल्या जिवांना मात्र या थंडीचा सराव आहे. सरडा पालापाचोळ्याखाली अंग चोरून पडतो आणि ऊन चढल्यावरच दगडावर येतो. अंग तापेपर्यंत त्याला धड पळताही येत नाही. बेडूक काळ्या मातीत खोल उतरतात. पाली तसबिरींमागे जातात. (आमच्याकडे होळकर महाराजांच्या तसबिरीमागे पालींचे बिऱ्हाड आहे, ते हलविण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही.)

सातभाईंची रीत तर पाहत राहावी अशी. सांजावताच सारा कबिला कडुलिंबाच्या एका फांदीवर खेटून बसतो. पिसे फुलविली की त्यांत हवा कोंडते आणि तीच ऊब धरते. शिवाय शेजाऱ्याच्या अंगाची ऊब असतेच. टोकाचा गडी मधूनच उडून मध्ये घुसतो, मग थोडी कलकल होते. नाव सातभाई, पण मोजू जाता कधी सहा, कधी दहा. मागल्या विणीतली पिल्ले पुढल्या पिल्लांना भरवितात, हे विशेष.

थंडी यांना घालवीत नाही. आसरा गेला की ती जातात. कवेलूंची छपरे जाऊन स्लॅब आले, तशा चिमण्यांच्या सांदी बुजल्या. थोराच्या कुंपणाजागी सिमेंटची भिंत उभी राहिली. गंभीर नदीवरचा यशवंतसागर २०२२ साली रामसर यादीत गेला, तिथल्या सारसांची वाहवा झाली; आम्हांसही आनंद झाला. पण परसाची यादी कोण करणार?

यंदा आमच्या वाड्याची वाटणी होत आहे. परसात फरशी घालून मोटारी उभ्या कराव्यात, असा पुतण्यांचा बेत आहे. रस्त्यावर जागा नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. आम्ही एवढेच सुचविले की कडुलिंब आणि त्याखालचा पाचोळ्याचा कोपरा कोणाच्याच वाट्यास घालू नये. वहिनींनी मान डोलाविली. धाकटे बंधू मात्र चौरस फुटांचा हिशेब मांडून बसले आहेत. इंदूर, धार, देवासकडील ज्या घरांनी वाटणीत असे एखादे झाड सामाईक राखले असेल, त्यांनी दस्तऐवजात ते कोणत्या शब्दांत लिहिले, हे आम्हांस जरूर कळवावे. सह्या संक्रांतीनंतर व्हावयाच्या आहेत.