विहीर कुणाची, पाणी कुणाचे?

आमच्या नंदाखालात माणसाची ओळख करून देताना आधी त्याची वाडी सांगतात, मग त्याचे नाव. "तो मोठ्या विहिरीकडचा" असे म्हटले की निम्मी वंशावळ सांगून होते. वाडीच्या कुंपणावर आमच्याकडे जेवढा विचार होतो तेवढा परलोकावरही होत नसेल. शेजाऱ्याचे कुंपण वीतभर पुढे सरकले असा नुसता संशय आला, तरी एरवी एका बाकावर बसून प्रार्थना करणारी दोन घरे दहा दहा वर्षे एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. अशा गावात राहणाऱ्याला मालमत्तेवर विचार करण्यासाठी ग्रंथालयात जावे लागत नाही. विहिरीपर्यंत गेले तरी पुरते.

आमची विहीर तीन घरांच्या सामाईक वहिवाटीची. आजोबांच्या वेळी तिच्यावर रहाट होता. रेडा गोल फिरायचा, रहाटाची गाडगी भरून वर यायची आणि पाटाने पाणी केळींना जायचे. कुणाची पाळी सकाळी, कुणाची दुपारी, हे कुठल्याही कागदावर नव्हते. पण ते मोडल्याचे कुणाला आठवत नाही. जुनी माणसे हे सांगू लागली की शेवटी हटकून म्हणतात, "तेव्हाची माणसंच वेगळी होती. आता माणूस लोभी झाला."

हे मला कधीच पटलेले नाही. आमचे आजोबा संत नव्हते. बाजारात केळीच्या घडाला दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून ते सकाळभर घासाघीस करीत. परंतु रेडा दिवसभर फिरला तरी विहीर आटत नसे. तो दमला की पाणी काढणे थांबे, आणि रात्रीतून झरे विहीर पुन्हा भरून टाकीत. मर्यादा आजोबांच्या मनात जेवढी होती, त्याहून अधिक रेड्याच्या पायांत होती. पुढे रहाट जाऊन इंजिन आले, इंजिन जाऊन विजेचा पंप आला. पंपाला दम लागत नाही. माणूस होता तसाच राहिला. त्याला अडवणारी वस्तू तेवढी निघून गेली.

माणूस मुळात कसा आहे, या प्रश्नावर युरोपातल्या विचारवंतांनी दोनतीनशे वर्षे वाद घातला. हॉब्सने १६५१ साली सांगितले, की वर धाक नसेल तर माणसे एकमेकांच्या जिवावर उठतील. रूसोने १७५५ साली विषमतेवर प्रबंध लिहिला. त्याचे म्हणणे उलटे होते. माणूस आरंभी निरुपद्रवी होता. कुणीतरी जमिनीला कुंपण घालून ती आपली म्हटली, भोळ्या लोकांनी ते मानले, आणि तिथून सगळा बिघाड सुरू झाला. मी हे प्रथम वाचले तेव्हा मला आमच्या वाडीभोवतीचे कुंपण आठवून थोडे ओशाळल्यासारखे झाले. पण ज्याने वाळूसारख्या जमिनीत शेणखत घालून, खांद्यावर पाणी वाहून पानवेल उभी केली, त्याने कुंपण घालू नये असे रूसोलाही तोंडावर सांगता आले नसते.

या दोघांच्या मधला माणूस जॉन लॉक. व्यक्तीच्या मालकीचा हा सर्वात मोठा वकील. त्याचा प्रबंध १६८९ चा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पृथ्वी सर्वांची, पण माझे श्रम माझे. मी श्रम ज्या वस्तूत मिसळले ती माझी झाली. ओढा सर्वांचा असला तरी मी भरलेली घागर माझीच. आजोबांनी लॉकचे नाव ऐकलेले नव्हते, पण त्यांचे मत हेच होते. लॉकचे नाव घेणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. तो स्वतः मात्र थांबला नव्हता. त्याने दोन अटी घातल्या होत्या. एक, घेणाऱ्याने घेतल्यावर इतरांसाठी तेवढे आणि तसेच उरले पाहिजे. दुसरी, नासून जाईल इतके कुणी घेऊ नये.

दुसरी अट आमच्या केळीवाल्यांना सहज समजते. पिकलेली केळी आठवडाभर टिकत नाहीत. तेव्हा हजार घड साठवून श्रीमंत होता येत नाही. वसईकरांनी त्यावर एक गोड तोड काढली, सुकेळी. सोलून, उन्हात वाळवून, पानात बांधलेले केळे काही महिने टिकते. पण सुकेळ्यालाही शेवटी बुरशी येते. पैशाला ती येत नाही. लॉकनेही हे ओळखले होते, की न नासणारे नाणे आल्यावर साठवण्याला सीमा राहिली नाही आणि विषमतेला वाट मिळाली. त्याने ती वाट बंद केली नाही. त्याचा स्वतःचा पैसा गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतला होता, हेही विसरून चालणार नाही. पण पहिली अट त्याने लिहून ठेवली, आणि ती आमच्या गावाच्या उपयोगी पडते.

कारण आमच्या गावात ती अट मोडलेली मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली. १९८० नंतर विरार, नालासोपारा, वसई रोड येथे इमारती उठू लागल्या. राहायला माणसे आली. नळ आले नाहीत. मग वाड्यांतल्या विहिरींवर टँकर येऊन उभे राहू लागले. केळीच्या घडाला वर्ष थांबावे लागे. टँकरवाला त्याच संध्याकाळी रोख पैसे देई. ज्या शेजाऱ्याने आमच्या बाजूला पहिल्यांदा पाणी विकले, तो दुष्ट नव्हता. त्याला मुलीचे लग्न काढायचे होते आणि दवाखान्याचे देणे होते. कायदाही त्याच्या बाजूचा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आपल्या जमिनीखालचे, ठरावीक ओघाने न वाहणारे पाणी काढून घेण्याचा जमीनमालकाचा हक्क नोंदलेला आहे. विहीर माझी, पंप माझा, वीजबिल माझे. मग पाणी कुणाचे?

याचे उत्तर जमिनीखाली होते. समुद्रकाठच्या भूमीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, ताकावर लोणी तरंगावे तसे. शास्त्रज्ञांचा ठोकताळा असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर असतो. वरचे एक फूट उपसले की खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. ते कुंपण बघत नाही. शेजाऱ्याने स्वतःचे पाणी विकले आणि आमचे खारे झाले. त्याने आमच्या वाडीत पाऊल टाकले नाही, एक केळे तोडले नाही. तरी आमचे काहीतरी गेले, आणि ते गेल्याची फिर्याद देण्यासारखा कागद जगात कुठे नव्हता.

काय गेले, ते मला आत्यामुळे कळले. आम्हा ख्रिस्ती लोकांना भारतीय वारसा कायदा लागू. त्यात मुलगा आणि मुलगी यांना १९२५ पासून सारखा वाटा आहे. पण कायदा पुस्तकात आणि रीत ओटीवर. आजोबा वारल्यावर आत्यांपुढे हक्कसोडपत्र आले, आणि त्यांनी एक शब्द न बोलता सह्या केल्या. धाकटी आत्या एवढेच म्हणाली होती, "वाडी तुमची, दादा. मी आले की विहिरीचं पाणी तेवढं प्यायला द्या." हे मला घरात पुष्कळदा सांगितले गेले, बहुधा तिच्या मोठ्या मनाचे उदाहरण म्हणून. पुढे टँकरांच्या दिवसांत ती एकदा माहेरी आली. आईने तांब्या भरून दिला. तिने एक घोट घेतला, तांब्या खाली ठेवला आणि विचारले, "वहिनी, ह्यात मीठ कुणी घातलं?" मी आठनऊ वर्षांचा होतो. आई काही बोलली नाही. ज्या बाईने सगळा वाटा सोडून फक्त पाणी मागितले होते, तिच्या वाट्याला तेही उरले नव्हते.

याच काळात वसईत हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिचे पुढारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्याच नंदाखालच्या परिसरातले. पुढे ते २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. या चळवळीत ज्यांनी टँकरला विरोध केला तेही वाडीचे मालकच होते. त्यांनी मालकी सोडा असे म्हटले नाही. शेजाऱ्याची विहीर मरेल अशी मालकी नको, एवढेच म्हटले. जी माणसे कुंपणाच्या विती मोजीत, तीच या कामासाठी एकत्र आली. तेव्हा माणूस लोभी की उदार, हा वाद मला रिकामा वाटतो. त्याच्यात दोन्ही आहे. गावाची रीत आणि कायदा यांपैकी कशाला वाट करून देतात, त्यावर पुढचे ठरते. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा कायदा केला, त्यामागेही ही समज आहे.

पण इथे थांबलो तर मी फक्त विहीरवाल्यांची बाजू सांगितली असे होईल. ज्यांना विहीरच नाही त्यांचे काय? आमच्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या वारली मजूर खपले. लॉकच्या हिशेबाने पाहिले, तर त्या मातीत त्यांचे श्रम आमच्याहून कमी मिसळलेले नाहीत. सातबाऱ्यावर मात्र त्यांचे नाव नाही. १९४५ साली तलासरी, डहाणू, उंबरगाव भागांतले वारली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या मागे वेठबिगारीविरुद्ध उठले. पुढे कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. ही मोठी गोष्ट झाली. परंतु ज्याची कूळ म्हणूनही नोंद नव्हती, तो मजूर होता तिथेच राहिला.

पाण्याची मालकी माणसाला कुठवर नेते हे महाडने दाखवले. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला होता आणि महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ते पाणी हाती घेतल्यावर लोकांना मार खावा लागला. पुढे विरोधकांनी कोर्टात दावा लावला तो कोणत्या मुद्द्यावर? तळे खाजगी आहे, या मुद्द्यावर. गुरेढोरे पीत होती तोवर ते सर्वांचे होते. अस्पृश्य आला तेव्हा त्याला मालक सापडले. मुंबई हायकोर्टाने १९३७ साली निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला.

त्याच वर्षी आंबेडकरांनी खोती बंद करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४७ साली घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी असे सुचवले. एका वाडीवाल्याला हे वाचताना घाम फुटतो, हे मी लपवत नाही. पण त्यांचे कारण नीट पाहावे. ते व्यक्तिस्वातंत्र्याचे विरोधक नव्हते. व्यक्ती हेच साध्य असे ते मानीत. उपाशी माणसाला भाकरी आणि हक्क यांतून एक निवडायला लावले तर तो हक्क टाकून देतो, म्हणून पोटाची व्यवस्था घटनेतच करा, असे त्यांचे म्हणणे. मला उपाय पूर्ण पटत नाही. निदान मात्र खोडता येत नाही.

आता आमच्या वाडीची गोष्ट. जागेला आज जो भाव सांगतात तो ऐकून आजोबांना हसू आले असते. हा भाव कुणी निर्माण केला? आम्ही तर नाही. केळी तीच, माती तीच. उलट पाणी बिघडले. विरारची लोकल, रस्ते, शाळा आणि आजूबाजूला राहायला आलेली लाखो माणसे यांनी तो चढवला. जमीन कुणी माणसाने घडवलेली नाही, तेव्हा तिची मालकी इतर वस्तूंसारखी नव्हे, असे मिल १८४८ साली म्हणाला. अमेरिकेतल्या हेन्री जॉर्जने १८७९ साली आणखी पुढे जाऊन सांगितले, की घामाची कमाई माणसाला पुरी ठेवू द्या, पण समाजामुळे चढलेला जमिनीचा भाव समाजाला परत घेऊ द्या. हे दोघे स्वातंत्र्यवादीच होते. मालकीवर प्रेम आणि विषमतेची चीड एका मनात राहू शकतात, हे मला त्यांच्याकडून कळले.

म्हणून यंदा वाडीला गिऱ्हाईक आले तेव्हा आम्ही भावांनी दोन गोष्टी ठरवल्या. विकायची की नाही हे अजून ठरलेले नाही. पण विकली तर आत्यांचा वाटा जुन्या सह्यांकडे न पाहता त्यांना किंवा त्यांच्या मुलांना जाईल. आणि विहिरीची जागा विक्रीत धरायची नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "खाऱ्या विहिरीचं काय करणार?" बरोबर आहे त्याचे. पण अलीकडे पावसाळ्यानंतर काही आठवडे तिचे पाणी पुन्हा तोंडात धरण्यासारखे लागते.

आज आमच्या भागाच्या नळाला पाणी येते ते सूर्या नदीचे, दूरच्या धामणी धरणातले. तो प्रकल्प मुख्यतः शेतीच्या सिंचनासाठी आखला होता. तिथल्या आदिवासी गावांच्या शेतांना पाणी मिळावे हा हेतू. ते पाणी शहरांकडे वळवल्याबद्दल तिथले लोक तक्रार करीत आले आहेत. म्हणजे काल टँकरविरुद्ध जो प्रश्न आम्ही विचारला, तोच आता कुणीतरी आम्हाला विचारतो आहे: तुम्ही घेतल्यावर आमच्यासाठी तेवढे आणि तसेच उरते का? दिवाळीच्या पहाटे गार पाण्याने तोंड धुताना हा प्रश्न फार जड वाटू नये. पण नळ बंद करताना तो आठवावा, आणि मतदानाच्या दिवशीही.