ऊसबिल आणि गाडीचा हप्ता

ऊसबिल खात्यावर जमा झालं की अकलूजच्या पंचक्रोशीत घराघरांत चारचाकीचा विषय निघतो आणि गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर तो शोरूमच्या दारात जाऊन थांबतो. नवी घ्यायची की वापरलेली, एवढाच प्रश्न पूर्वी असायचा. आता तिसरी वाट आली आहे: गाडी विकत न घेता लीजवर घ्यायची, दरमहा भाडं भरायचं आणि मुदत संपली की परत द्यायची. मारुती सुझुकीने 2020 साली मोठ्या शहरांत अशी योजना सुरू केली, मग इतरही आले. वाहनकर्ज आणि विम्याचं काम करणारा माणूस म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अकलूज आरटीओच्या एमएच 45 च्या पट्ट्यातल्या शेतकरी कुटुंबासाठी लीज सोयीची नाही; एक-दोन वर्षं वापरलेली, एकाच मालकाची गाडी हाच त्याच्यासाठी सरस व्यवहार आहे.

कारण पैशाच्या आवकीत आहे. गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, 14 दिवसांत मिळायला हवी. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा तुकड्यातुकड्यांनी येते. आडसाली ऊस तर तोडीला यायलाच सोळा ते अठरा महिने लागतात. हे ओळखूनच ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते असतात. लीजचं भाडं मात्र दर महिन्याला त्याच तारखेला जातं, मग कारखान्याचं धुराडं पेटलेलं असो की नसो. पुण्यातल्या पगारदाराला कंपनीमार्फत घेतलेल्या लीजवर आयकरात सवलत मिळते, म्हणून त्याचं गणित जुळतं. शेतीचं उत्पन्न मुळातच करमुक्त, तेव्हा वाचवायला करच नाही. शिवाय पेट्रोल किंवा डिझेल गाडी कंपनीच्या नावावर नोंदली तर महाराष्ट्रात 20 टक्के रस्ताकर लागतो, भाड्यावर जीएसटी असतो आणि हे सगळं शेवटी भाड्यातूनच वसूल होतं. खंडाने घेतलेल्या जमिनीत निदान पीक तरी आपलं असतं. लीजच्या गाडीत मुदतीअखेर हाती काहीच उरत नाही. त्यात किलोमीटरची मर्यादा. अकलूजहून पुणे सुमारे 170 किलोमीटर. महिन्याला दोन फेऱ्या केल्या तरी वर्षाला 8,000 किलोमीटर त्यातच जातात. शेत, बाजार, पंढरपूर, सोलापूर वेगळंच.

आता वापरलेल्या गाडीचा हिशेब. शोरूममध्ये 9 लाख किंमत असलेल्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर 11 टक्के दराने 99,000 रुपये एकरकमी रस्ताकर भरावा लागतो. तीच गाडी राज्यातल्या राज्यात दुसऱ्याच्या नावावर झाली तर तो कर पुन्हा भरावा लागत नाही. विम्याच्या प्रचलित घसारा तक्त्यात गाडीची किंमत सहा महिन्यांनंतर 15 टक्के, वर्षानंतर 20 टक्के आणि दोन वर्षांनंतर 30 टक्के कमी धरतात. म्हणजे दोन वर्षं उलटली की विम्याच्या हिशेबाने 9 लाखांचे 6 लाख 30 हजार होतात. बाजारभाव मॉडेलप्रमाणे वर-खाली होतो, खूप मागणी असलेल्या गाडीला एवढी सूट मिळणार नाही. तरीही सगळ्यात मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि इंजिनाचं बहुतेक आयुष्य पुढेच असतं.

यावर आक्षेप येतात आणि त्यांत तथ्यही आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. मग नवीच का नको? कारण नवी स्वस्त झाली की वापरलेलीचा भावही खाली ओढला जातो. जुना भाव सांगणाऱ्याला आजची शोरूम किंमत दाखवायची आणि तिथून घासाघीस सुरू करायची. वापरलेल्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त, हेही खरं. पण मुद्दल कमी असते आणि ऊसबिलाची रक्कम आधी भरली तर ती आणखी घटते. ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलची धास्ती असेल तर एप्रिल 2023 नंतर बनलेली गाडी निवडावी, तिचे इंधनाशी संबंध येणारे भाग त्या मिश्रणाला चालतील असे असतात. ज्या भागाच्या उसापासून इथेनॉल होतं, तिथल्या माणसाने हे जरूर पाहावं. सर्वांत गंभीर आक्षेप फसवणुकीचा: मीटर मागे फिरवलेली, अपघातात ठोकलेली, पुरात बुडालेली गाडी. याला उत्तर तपासणीचं. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगच्या नोंदी असतात, त्यातले किलोमीटर मीटरशी ताडून पाहावेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा; पुराचा गाळ तिथे सापडतो. चटई उचलून सीटखालच्या नटबोल्टांचा गंज पाहावा.

कागदांत तर जराही सैल सोडू नका. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर गाडीचा मालक कितवा हे, कर्जाचा बोजा आणि विम्याची मुदत दिसते. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता वाढेल हे धरूनच भाव ठरवावा. विकणाऱ्यानेही नाव बदलेपर्यंत गप्प बसू नये, कारण अपघात झाला तर नोंदीवर ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. घेणार असाल तर नावबदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होऊन ते आरटीओकडे दाखल होईपर्यंत पैशाचा शेवटचा भाग हातचा सोडू नका.