वयाची पृच्छा

पगार किती, मुलें किती, घर स्वतःचें कीं भाड्याचें, हे प्रश्न आमच्या लोकांत पहिल्या भेटींतच विचारले जातात. त्याच ओळींत वयहि येतें. एका जुन्या संस्कृत सुभाषितांत गुप्त ठेवण्याच्या नऊ गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्यांत आयुष्याचा क्रम द्रव्य व औषध यांच्याहि आधीं लागतो. हा आधार सांपडल्यापासून आम्हीं वय न सांगण्याची कला मोठ्या निष्ठेनें जोपासली आहे.

“तुम्हांला किती वाटतें?” असा उलट प्रश्न करण्याच्या फंदांत मात्र वाचकांनीं पडूं नये. आम्ही एकदां पडलों, आणि समोरच्या गृहस्थांनीं पांच वर्षें वाढवून सांगितलीं. त्यापेक्षां “कोणतें वय? शाळेंतलें कीं पत्रिकेंतलें?” हें बरें. आमच्या पिढींतल्या पुष्कळांची जन्मतारीख गुरुजींनीं १ जून अशी ठोकून दिलेली आहे. तेव्हां हा प्रश्न अगदींच लबाडीचा नव्हे. एस. टी.च्या वाहकापुढें मात्र ही सारी कला आम्ही गुंडाळून ठेवतों. पासष्टी ओलांडलेल्यांस अर्धें तिकीट असतें, आणि त्यासाठीं सर्व गाडीला ऐकूं जाईल अशा स्वरांत वय सांगण्यास आम्हांस लाज वाटत नाहीं. (गाडींत ओळखीचें कोणी नाहीं, एवढें आधीं पाहून घेतों.)

पण आमचें ठेवणींतलें उत्तर निराळेंच. “आमचा जन्म मन्मथनाम संवत्सरांतला!” हें अक्षरशः खरें आहे. तें संवत्सर साठ वर्षांनीं फिरून येतें. १९५५ सालीं लागलें तसें २०१५ सालींहि लागलें. ऐकणारानें आम्हांस दुसऱ्या खेपेचे मानलें तरी आमची तक्रार नसते. नांव ऐकून लोक हंसतात आणि मूळ प्रश्न विसरतात.

गेल्या वैशाखांत एका लग्नाच्या पंगतींत शेजारीं बसलेल्या गृहस्थांस आम्हीं हेंच उत्तर दिलें. ते हंसले नाहींत.

“म्हणजे शके १८७७,” ते लगेच म्हणाले.

एवढें पंचांग जिभेवर कसें, असें आम्हीं विचारलें.

“आमचा दादा असेंच सांगत असे. कोणीं वय विचारलें कीं, मन्मथनाम संवत्सर!”

‘सांगत असे’ हे शब्द आमच्या ध्यानांत यावयास थोडा वेळ लागला. दादा चाळिसाव्या वर्षींच गेला होता. ते गृहस्थ आमच्या केसांकडे, हातांकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि आमच्या वयाशीं त्यांना कांहींएक कर्तव्य नाहीं, हें आम्हांस कळून चुकलें.

“महिना कोणता?” त्यांनीं विचारलें.

“मार्गशीर्ष,” आम्ही म्हणालों, आणि न विचारतां तारीखहि सांगून टाकली, पत्रिकेंतली.

“दादा माघांतला, गणेशजयंतीचा. म्हणजे तुम्ही दोन महिन्यांनीं वडील.”

इतक्यांत वाढपी जिलबी घेऊन आला. आम्ही पानावर हात आडवा धरणार, तोंच ते त्याला म्हणाले, “वाढ रे, यांना वाढ.” आम्हांस मधुमेह आहे, हें आम्हीं सांगितलें नाहीं.