गिरगांवच्या चाळी आणि भाड्याचा कायदा

चर्नी रोड स्टेशनावर उतरून ठाकुरद्वाराच्या बाजूस चालूं लागलें म्हणजे मोठ्या रस्त्याचा कोलाहल हळूहळू मागें पडतो आणि वाड्यांचें गिरगांव सुरू होतें. फणसवाडी, झावबावाडी, गायवाडी, खोताची वाडी! फणस आतां शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. नांव तेवढें राहिलें आहे. लांकडी कठडे, समाईक सज्जे आणि सज्जावर वाळणारीं धोतरें-लुगडीं हें ज्या गिरगांवाचें रूप, त्याचे अवशेष अजून कांहीं चाळींत दिसतात. केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालीं सुरू झाला. कोंकणांतून वा देशावरून आलेल्या किती तरी घराण्यांचा मुंबईशीं पहिला संबंध अशाच एखाद्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत जुळला, हें वाचकांस सांगावयास नकोच.

या खोल्यांचें एक नवल आहे. जो राहतो तो मालक नव्हे, आणि जो मालक त्यास त्या सहसा रिकाम्या करून मिळत नाहींत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, मुंबईंत भाडेवाढीस कायद्याचा बांध घातला गेला. पुढें १९४७ च्या कायद्यानें सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच प्रमाण भाडें मानलें. त्या टंचाईच्या काळीं गरिबाच्या डोक्यावरचें छप्पर राखणें अवश्यच होतें. परंतु पन्नास वर्षें भाडें जागच्या जागीं राहिलें. चुना, लांकूड आणि गवंड्याची मजुरी मात्र राहिली नाहीं. भाडें असें गोठवून ठेवणें काळाच्या ओघांत अन्यायाचें झालें आहे, असें सर्वोच्च न्यायालयानेंहि १९९७ सालीं म्हटलें. तेव्हां १९९९ चा नवा कायदा झाला. तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला आणि मालकास दरसाल शेंकडा चार वाढ मिळूं लागली. पूर्वीं पडद्याआड चालणारी पागडीहि त्यानेंच उजेडांत आणली.

माझा एक जुना विद्यार्थी येथें एका चाळींत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आषाढांत त्याच्या मोरीवरचें छत गळतें आणि तुळईस वाळवी लागली आहे. इमारत दुरुस्त राखणें हें मालकाचें कर्तव्य. त्यानें लेखी सूचनेनंतरहि तें टाळल्यास भाडेकरूनें स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यांतून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. दोनशें रुपये मासिक भाडें धरलें तर हे सहाशें रुपये झाले. सहाशें रुपयांत तुळई कोण बदलून देतो? मालकास दुष्ट म्हणावें, तर तोहि याच चाळीच्या तळमजल्यावर राहणारा वृद्ध गृहस्थ. सगळ्या बिऱ्हाडांचें भाडें एकत्र केलें तरी त्यास एक जिना नवा करतां येत नाहीं.

हा तंटा आजचा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, तिसऱ्या अधिकरणांत, सोडावयास सांगितल्यावरहि घर न सोडणाऱ्या भाडेकरूस बारा पण दंड सांगितला आहे. आणि भाडें देणाऱ्यास घालवून देणाऱ्या मालकासहि तेवढाच! अपवाद शिवीगाळ, चोरी, दांडगाई अशा वर्तनाचा. दोघांस एकाच मापानें मोजण्याची ही दृष्टि मला फार मार्मिक वाटते.

दुरुस्तीचा हा पेंच सुटावा म्हणून १९६९ च्या कायद्यानें जुन्या इमारतींवर उपकर बसविला आणि दुरुस्तीसाठीं सरकारी मंडळ नेमलें. तथापि २०१७ च्या ऑगस्टांत जवळच्याच भेंडीबाजारांत हुसैनी इमारत कोसळून तीसांहून अधिक माणसें दगावलीं. पाऊस लागला कीं गिरगांवांतलीं म्हातारीं माणसें रात्रीं छताकडे पाहत पडतात, तें उगीच नव्हे. घर सोडून संक्रमण शिबिरांत जावें, तर परत येणें केव्हां घडेल याची धास्ती.

नव्यानें घर देणाऱ्या-घेणाऱ्यांनीं करार लेखी करून नोंदवावा, असा आतां दंडक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती न झाल्यास अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. जुन्या बिऱ्हाडांस असा करार कोठला! माझ्या विद्यार्थ्याजवळ आजोबांच्या हातच्या भाडेपावत्या आहेत. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याजबरोबर राहणाऱ्या कुटुंबियाकडे हक्क जातो; तो दाखविण्यास त्या पावत्या आणि रेशनकार्ड उपयोगीं पडतात. पत्र्याच्या पेटींत, गळतीपासून दूर, त्यानें त्या मेणकापडांत बांधून ठेवल्या आहेत.