दगड लागला

दगडांशी माझं नातं फार जुनं आहे. आमच्या कुंभार पिंपळगावच्या शाळेत गुरुजी मला 'दगड' याच नावानं हाक मारीत. हजेरीपटावर माझं नाव वेगळं होतं, पण ते फक्त तपासणीला साहेब येत त्या दिवशी ऐकू येई. पुढे मीच गुरुजी झालो. दगडाचा देव होतो म्हणतात तो असा. लग्नानंतर मात्र ही जुनी पदवी घरात पुन्हा चालू झाली ती आजतागायत.

त्यामुळे गेल्या दिवाळीत नाशिकला मुलाकडे गेलो असताना सूनबाई म्हणाल्या, "बाबा, उद्या आपण सिन्नरला दगड बघायला जाऊ," तेव्हा मला आधी वाटलं, सासूबाईंनी हिलाही शिकवून ठेवलं.

पण तसं नव्हतं. सिन्नरला माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचं खरोखरीचं संग्रहालय आहे. पूर्वी नौदलात असलेल्या के. सी. पांडे यांनी ते २००१ साली उघडलं. माणसानं नोकरी पाण्यावर करावी आणि जीव दगडावर जडवावा, ही तऱ्हा मला आवडली. आमच्या मंडळींना मात्र ती पटली नाही. "अहो, दगड बघायला तिकीट कशाला?" ती म्हणाली. "पेरणीआधी आपल्या शिवारात चला. फुकटात दाखवते. वर वेचायलाही लावते."

तरी गेलो. आत शिरलो आणि आवाज आपोआप खाली आला. देवळात येतो तसा. काचेच्या पेट्या, पेटीत दिवा, आणि दिव्याखाली दगड. असे दगड मी जन्मात पाहिले नव्हते, निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं. एक स्फटिक इतका स्वच्छ होता की शेजारी खडीसाखर ठेवली असती तर मुंग्या त्याच्याकडेच गेल्या असत्या. त्याचं नाव अपोफिलाइट. त्याचाच एक भाऊ हिरवा होता, कोवळ्या हरभऱ्याच्या घाट्यासारखा. स्कोलेसाइट म्हणून एक होता, त्याच्या सुया चहूकडे अशा ताठ उभ्या की साळिंदर चिडल्यासारखं वाटावं. कॅव्हन्साइट तर मोरचुदाइतका निळा. हा दगड प्रथम अमेरिकेत ऑरेगन राज्यात सापडला, पण जगभर जे नमुने मिरवतात ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले. वाघोलीवरून मी एसटीनं किती वेळा गेलो असेन! तिथल्या खडीनं भरलेल्या ट्रकमागे अडकून तिला किती शिव्या दिल्या असतील!

ओकेनाइटपाशी ही थबकली. काळ्या दगडाच्या पोकळीत पांढराशुभ्र, केसाळ गोळा, थेट उकललेलं कापसाचं बोंड. आम्ही जालन्याकडची माणसं, कापूस म्हटला की आमचा हात पुढे जातोच. "हात नका लावू आजी," तिथला तरुण माहितगार घाईघाईनं म्हणाला, "त्याचे तंतू दबतात." ही हात मागे घेत म्हणाली, "वेचणीला बरा आहे. सरकी काढावी लागत नाही."

तो मुलगा मोठा गुणी होता. सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर कसे पसरले, ते थंड होताना आत वायूचे बुडबुडे कसे अडकले, आणि मग त्या रिकाम्या खोल्यांत शिरलेल्या ऊन पाण्यातून हे स्फटिक सावकाश कसे वाढले, हे त्यानं आपल्या घरचं कार्य असल्यासारखं सांगितलं. अमेरिकेत टक्सन गावी १९५५ सालापासून दगडांची मोठी जत्रा भरते आणि तिथे आपल्या महाराष्ट्राचे दगड मानानं मांडलेले असतात, असंही म्हणाला. मी मान डोलवत होतो. निवृत्त मास्तराला दुसऱ्याच्या तासाला बसायला मिळणं ही चैनच असते.

आणि मग पुढची पेटी आली.

आत काळ्या फत्तरावर फिकट गुलाबी, जर्दाळूच्या रंगाचे स्फटिक होते. कडब्याची पेंढी मधोमध करकचून बांधली की दोन्ही टोकांना फुलारते ना, तशा इवल्या इवल्या पेंढ्या. खाली नाव होतं, स्टिल्बाइट.

"अगं," मी म्हणालो, "हा आपल्या दाराचा दगड."

"कुठल्या दाराचा?"

"जुन्या घराच्या. ढेलजेचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावायचो तो."

हिनं चष्मा सारखा केला आणि काचेला नाक लावलं. "अगं बाई," ती म्हणाली, "अस्साच लोणच्याच्या बरणीत कैऱ्यांवर दडपण म्हणून होता!"

माहितगार मुलगा आमच्याकडे बघू लागला. त्याला काय सांगणार? सांगायचं तर १९७२ पासून सांगावं लागलं असतं.

त्या साली आमचं गाव औरंगाबाद जिल्ह्यात आणि अंबड तालुक्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, पुढे तालुकाही घनसावंगी झाला. गाव बोटभरही हललं नाही, पत्ता मात्र फिरत राहिला. बहात्तरच्या दुष्काळात पाऊस आमचा पत्ता पार विसरला. मी दहा वर्षांचा होतो. घरात लाल मिलोच्या भाकरी, शाळेत सुकडी, आणि गाव सगळं दुष्काळी कामावर खडी फोडायला. बायका घागरभर पाण्यासाठी पहाटे निघत त्या दिवस डोक्यावर घेऊन परतत.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तगाई उचलली आणि विहीर धरली. पाणाड्या आला. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळं शेत पालथं घातलं आणि बांधाजवळ तो नारळ ताडकन उभा राहिला. नारळ उभा राहिला तो तेवढा एकदाच. अण्णा मात्र कर्जानं आडवे झाले ते पुढे कित्येक वर्षं.

माती गेली, मुरूम गेला, काळा कातळ लागला. रोज दुपारी सुरुंगाचा बार उडे, धूर निवला की गडी खाली उतरत, आणि वरून कोणीतरी ओरडे, "लागलं का?" खालून उत्तर येई, "दगड लागला!" सातव्या परसाला म्हणजे बेचाळीसएक फुटांवर कातळाला पोकळ्या लागल्या आणि पोकळीत हे चमकणारं प्रकरण. गावात बोंब झाली की अण्णांना हिरे सापडले. अण्णा एक तुकडा धोतराच्या सोग्यात बांधून सोनाराकडे गेले. सोनारानं चाकूचं टोक फिरवलं, ओरखडा उठला. तो म्हणाला, "अण्णा, हिऱ्यानं काच कापते. ह्याला काचच कापंल." झालं. तेव्हापासून आमच्या घराला 'हिरेवाले' म्हणू लागले. गावाला दुष्काळातही विनोदाची टंचाई कधी भासली नाही.

अकरा परसाला पैसे संपले. पाणी लागलंच नाही. ढिगारा तेवढा विहिरीच्या काठावर राहिला. त्यातला बराचसा लोकांनी घरांच्या पायाला डबर म्हणून नेला, काही रस्त्याच्या खडीत गेला. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडताना निघालेले असले स्फटिक साहेबानं विलायतेत नेऊन जपले म्हणतात. आम्ही ते आमच्याच रस्त्यावर पसरले आणि वर डांबर ओतलं. घरात चार-पाच उरले. एक दाराला, एक लोणच्याला, एक तुळशीपाशी. एक मी शाळेत नेऊन दोन पेरूंना विकला. त्या दगडाला मिळालेला एवढा भाव माझ्या माहितीत पहिला आणि शेवटचा.

सर्वांत चांगला तुकडा अण्णांनी कोनाड्यात ठेवला होता. संध्याकाळी बाई कंदील लावी, त्याचा उजेड त्या पेंढ्यांवर पडे, आणि अण्णा जेवण होईपर्यंत तिकडे बघत बसत. काय बघत असतील ते विचारायचं सुचलं नाही. विचारूनही सांगितलं नसतं. अकरा परस खाली जाऊन कोरड्यानं वर आलेल्या माणसाजवळ बोलण्यासारखं फारसं उरत नसावं.

१९८७ साली आम्ही पक्कं घर बांधायला काढलं. मी नोकरीला लागलेला, नवा शिकलेला, पॅन्टीत शर्ट खोचणारा. गवंडी कोनाडा पाडायला आला तेव्हा तो दगड काढून मी अण्णांसमोर म्हणालो, "आता ही हिऱ्याची शोभा पुरे. लोक हसतात." आणि स्वतःच्या हातानं पायात टाकला. अण्णा काही बोलले नाहीत. ओटीवर जाऊन बसले. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्या शेजारीच आहे. दासबोधात समर्थांनी पढतमूर्खाची लक्षणं लिहून ठेवली आहेत. मी त्यांच्या एवढ्या जवळ, पण साडेतीनशे वर्षं उशिरा जन्मलो, म्हणून एक लक्षण नोंदायचं राहून गेलं. चार वर्षांनी अण्णा गेले.

हे सगळं काचेला नाक लावून आठवत होतो, एवढ्यात मुलगा पुढचं सांगू लागला. या जातीच्या दगडांना झिओलाइट म्हणतात. १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं असा दगड फुंकणीच्या ज्वाळेत धरला, तर तो चक्क फसफसला. म्हणून ग्रीक शब्द जोडून त्यानं नाव ठेवलं, 'उकळणारा दगड'.

"दगड कसा उकळेल?" मी म्हणालो.

"आत पाणी असतं ना, आजोबा. स्फटिकाच्या घडणीतच. तापवलं की ते बाहेर येतं."

"ह्यात?" मी पेंढ्यांकडे बोट केलं.

"ह्यात तर भरपूर. शंभर ग्रॅममध्ये सतरा-अठरा ग्रॅम."

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण त्रैराशिक मला येतं. क्विंटलभर दगडात सतराअठरा लिटर. म्हणजे चांगली मोठी घागर. आणि आमच्या ढिगाऱ्यात अशा चमकत्या दगडाचे क्विंटल किती असतील देव जाणे. अण्णा टोपलीनं पाणी उपसत होते, आणि काठावर उभे राहून आम्ही सगळे विचारत होतो, "लागलं का?"

"बाबा, पाणी हवंय का?" सूनबाईंनी बाटली पुढे केली. माझा चेहरा तसा झाला असावा.

बाहेर पडण्याआधी हिनं विक्रीच्या कपाटातल्या मुठीएवढ्या तुकड्यावरची किमतीची चिठ्ठी वाचली आणि नाशिक येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. नाशिकचा फाटा आला तेव्हा एवढंच म्हणाली, "दोन पेरूंना!" वाटेत मुलानं तेल ओतलं. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला २००१ साली विहीर खणतानाच हिरव्या अपोफिलाइटचे झुंबरासारखे गोळे निघाले आणि जगातले शौकीन त्यांवर तुटून पडले, असं त्यानं फोनवर बघून वाचून दाखवलं. आमच्यानंतर फक्त एकोणतीस वर्षांनी. आमच्या घराचं सगळं थोडं आधीच असतं.

गावी परतलो तो सरळ पायाकडे बघत उभा राहिलो. दगड ईशान्येच्या कोपऱ्यात होता, हे पक्कं आठवत होतं. "घराला हात लावाल तर बघा," ही आतून म्हणाली. मी तोंडातून शब्द काढला नव्हता.

मग विहिरीवर गेलो. आत बाभळी उगवल्यात, पारवे राहतात. काठाच्या ढिगाऱ्यावर गवत माजलंय. मी पहार घेऊन उकरायला बसलो. शेजारच्या शेतातला शेळ्या चारणारा पोरगा बराच वेळ बघत राहिला.

"गुरुजी, काय हुडकता?"

"दगड."

त्यानं ढिगाऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कामून? हे काय मग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी लिंबाएवढा एक तुकडा सापडला. ऊनपावसानं मळकटलेला, कडा झिजलेल्या, पण एका खाचेत दोन पेंढ्या शाबूत. हायस्कुलातल्या विज्ञानाच्या सरांकडून एक परीक्षानळी आणि चिमटा मागून आणला. एका पेंढीचा चिमूटभर चुरा नळीत टाकला आणि गॅसवर धरला. आधी काहीच झालं नाही. मग तो चुरा फुगला, पांढरा पडला, त्याचे पापुद्रे सुटले आणि नळीच्या तोंडाशी, थंड काचेवर, धुकं धरलं. धुक्याचा एक थेंब झाला. शेजारी दुसरा. बाजरीच्या दाण्याएवढे.

मी नळी तशीच तिरपी धरून, थेंब ओघळू न देता, माजघरात नेली. तिथे भिंतीवर अण्णांचा फोटो आहे, फेटा बांधलेला. फोटोसमोर नळी धरली आणि हळूच म्हणालो, "अण्णा, लागलं."

माझ्या आवाजात काहीतरी झालं असावं, कारण स्वयंपाकघरातली भांडी थांबली. मग हिचा आवाज आला, "लागलं ना? मग आता मोटार बसवून घ्या. आणि माझा गॅस बंद करा."